ग्वार गम, वाळू आणि ॲसिड: जमिनीखालचं तेल काढायला खडकाला भेगा कशा पाडतात?

२०१२ च्या सुरुवातीला राजस्थानातल्या बाजार समित्यांमध्ये एक विचित्र प्रकार चालू होता. गवारीच्या बियांचा भाव काही महिन्यांत अनेक पटींनी वर गेला होता. भाजीची गवार आपण ताटात बाजूला सारतो, तिच्याच कुळातलं हे कोरडवाहू पीक. बहुतेक शेतकऱ्यांनी ते आजवर जनावरांचा चारा आणि चार पैसे म्हणूनच पेरलेलं. आता मात्र व्यापारी दारात उभे राहत होते. सट्टा इतका वाढला की मार्च २०१२ मध्ये वायदे बाजारातले गवारीचे व्यवहार थांबवावे लागले.

कारण हजारो किलोमीटर लांब होतं. अमेरिकेत टेक्सास, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ डकोटा या राज्यांमध्ये तेल आणि गॅसच्या विहिरी धडाधड खोदल्या जात होत्या. त्यातल्या बऱ्याच विहिरींत पाणी दाट करण्यासाठी ग्वार गम लागत होता, आणि जगातला बहुतेक ग्वार गम भारतातून जातो.

तेलाच्या विहिरीत गवारीचं काय काम? याचं उत्तर शोधताना एक गोष्ट लक्षात येते, जी फ्रॅकिंगबद्दलच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये सांगितलीच जात नाही. पाण्याच्या दाबाने खडक फोडणं हा या तंत्रातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. पंपाची ताकद असली की खडक फुटतो. अवघड आहे ते फोडलेली भेग पुन्हा मिटू न देणं. गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं या क्षेत्रातलं बरंचसं संशोधन याच एका प्रश्नाभोवती फिरत आलं आहे.

आधी खडक समजून घेऊ

जमिनीखाली तेलाचं तळं असतं, हा समज अजून टिकून आहे. प्रत्यक्षात तेल खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं, भिजलेल्या विटेत पाणी असावं तसं. विहीर खणली की वरच्या थरांच्या ओझ्यामुळे दाबात असलेलं तेल त्या छिद्रांतून विहिरीकडे सरकतं. छिद्रं मोठी आणि एकमेकांना जोडलेली असतील तर काम झालं. पण बऱ्याच खडकांत छिद्रं असली तरी त्यांना जोडणाऱ्या वाटा केसाहून बारीक असतात. शेलसारख्या खडकात तर त्या जवळपास नसतातच. तेल आहे, ते दिसतंय, मोजताही येतंय, पण बाहेर यायला वाट नाही.

जगभरात सरासरी पाहिलं तर साठ्यातल्या तेलापैकी साधारण एक-तृतीयांशच बाहेर काढता येतं. बाकीचं खडकातच राहतं. गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून विकत घेणाऱ्या भारतासाठी हा आकडा फक्त पुस्तकी नाही.

उपाय सुचायला सोपा आहे. वाट नसेल तर वाट पाडा. विहिरीत इतक्या दाबाने द्रव पंप करा की खडकाला तडा जाईल. मग दूरवरचं तेल त्या भेगेत येईल आणि भेगेतून विहिरीत.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांनी या तंत्राचा धाकटा भाऊ पाहिलेला आहे. बोअरवेलचं पाणी आटलं की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची गाडी येते आणि बोअरमध्ये पॅकर बसवून दाबाने पाणी सोडते. सरकारी भाषेत त्याला ‘जलभंजन’ म्हणतात. बेसॉल्टमधल्या बुजलेल्या फटी त्याने मोकळ्या होतात, आणि नशीब चांगलं असेल तर हातपंपाला पुन्हा पाणी येतं. इथे वाळू लागत नाही, ॲसिड लागत नाही. बेसॉल्ट कडक असतो, खोली फार तर शे-दोनशे मीटर, त्यामुळे वरचं ओझं बेताचं. एकदा सरकलेल्या ओबडधोबड फटी बऱ्याच अंशी तशाच राहतात.

तीन किलोमीटर खाली गोष्ट बदलते. तिथे भेग उघडायला साधारण ४०० ते ६०० वातावरणांइतका दाब लागतो. कारच्या टायरमध्ये असतो त्याच्या दोनशेपट किंवा त्याहून जास्त. पंप चालू आहे तोवर भेग उघडी असते, आणि तीही किती, तर काही मिलिमीटर रुंद. लांबी मात्र काही दहा मीटरपासून शे-दोनशे मीटरपर्यंत जाते. पंप बंद केला की ज्या ताणाने खडक मुळात एकसंध दाबून धरला होता, तोच ताण भेगेच्या दोन्ही भिंती पुन्हा एकमेकींवर आणून दाबतो. एवढा खर्च करून पाडलेली वाट काही तासांत बंद.

मग तिला टेकू कसा द्यायचा? माणसाने याची दोन उत्तरं काढली. एक, भेगेत काहीतरी भरायचं. दोन, भेगेच्या भिंतीच अशा कोरून ठेवायच्या की त्या मिटल्या तरी मध्ये जागा राहील. पहिलं उत्तर म्हणजे वाळू घालून केलेलं हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग. दुसरं म्हणजे ॲसिड फ्रॅक्चरिंग.

तोफगोळ्यापासून अणुबॉम्बपर्यंत

त्याआधीचा इतिहास थोडा धमाकेदार आहे, शब्दशः. अमेरिकन यादवी युद्धात लढलेला एडवर्ड रॉबर्ट्स नावाचा अधिकारी होता. पाण्यात फुटलेल्या तोफगोळ्याचा परिणाम पाहून त्याला वाटलं की हेच तेलाच्या विहिरीत करता येईल. १८६५ मध्ये त्याने ‘टॉर्पेडो’चं पेटंट घेतलं. विहिरीत स्फोटक सोडायचं, वर पाणी भरायचं आणि उडवायचं. पुढे त्यात नायट्रोग्लिसरिन वापरलं जाऊ लागलं. रॉबर्ट्सची फी इतकी जास्त होती की लोक रात्री चोरून स्वतःच विहिरी उडवायचे. चांदण्यात चालणाऱ्या या धंद्यावरूनच इंग्रजीत ‘मूनलायटिंग’ हा शब्द आला, असंही सांगितलं जातं.

स्फोटाचं वेड पुढे कुठवर गेलं ते पाहा. १० डिसेंबर १९६७ ला अमेरिकेने न्यू मेक्सिकोत गॅसच्या खडकात चक्क २९ किलोटनांचा अणुबॉम्ब उडवला. प्रकल्पाचं नाव ‘गॅसबगी’. खडक फुटला, गॅसही आला, पण किरणोत्सारी. घरोघरच्या शेगड्यांना असा गॅस कोण देणार? आणखी दोन प्रयोग झाले आणि १९७३ नंतर हा नाद सुटला.

खरी वाट वेगळीच निघाली होती. १९४७ मध्ये स्टॅनोलिंड कंपनीने कॅन्सस राज्यातल्या ह्युगोटन गॅस क्षेत्रात एका विहिरीवर प्रयोग केला. नेपामने दाट केलेलं सुमारे ३,८०० लिटर पेट्रोल त्यांनी ७३० मीटर खोलीवरच्या चुनखडकात दाबाने सोडलं. विहिरीच्या उत्पादनात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे जगातलं पहिलं हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग तसं फसलेलंच होतं. पण द्रवाने खडक फोडता येतो हे दिसलं. मार्च १९४९ मध्ये हॅलिबर्टनने ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये हे व्यावसायिक पातळीवर सुरू केलं. पहिल्याच वर्षात ३३२ विहिरी झाल्या आणि सरासरी उत्पादन ७५ टक्क्यांनी वाढलं.

पहिलं उत्तर: वाळूचा टेकू

कल्पना साधी आहे. भेग उघडी असताना तिच्यात वाळू ढकलायची. पंप बंद झाला की भिंती वाळूच्या कणांवर येऊन टेकतात. कणांच्या मधल्या जागेतून तेल वाहतं. या कणांना प्रॉपंट म्हणतात, आपल्या भाषेत टेकूच.

पण वाळू पाण्यात बुडते. विहिरीतून तीन किलोमीटर खाली, तिथून वळून काही मिलिमीटरच्या फटीत शंभर मीटर आत, एवढा प्रवास वाळूने तरंगत करायला हवा. नुसत्या पाण्यात ती भेगेच्या तोंडाशीच बसते. म्हणून पाणी दाट हवं. इथे गवार येते. तिच्या बियांतला डिंक पाण्यात मिसळला की बुळबुळीत द्रव होतो. त्यात बोरॉनचं संयुग घातलं की तो जेलीसारखा घट्ट होतो, मुलं खेळतात त्या ‘स्लाइम’सारखा. त्या जेलीत वाळू अडकून राहते आणि जेलीसोबत आत जाते.

आत पोहोचल्यावर मात्र हीच जेली डोकेदुखी होते. ती तशीच राहिली तर वाळूच्या मधल्या जागा तीच बुजवणार. म्हणून तिच्यात आधीच ‘ब्रेकर’ मिसळलेला असतो. काही तासांनी तो डिंकाच्या साखळ्या तोडतो आणि जेलीचं पुन्हा पाणी होतं. लवकर तुटली तर वाळू वाटेतच पडते, उशिरा तुटली तर भेग तुंबते. आणि कितीही नीट तुटली तरी थोडा गाळ मागे राहतोच.

१९९० च्या दशकात टेक्सासमधल्या बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जी या कंपनीला या जेलीचा खर्च परवडेना. तिथला अभियंता निक स्टाइन्सबर्गर याने जेल जवळपास काढूनच टाकली. घर्षण कमी करणारं थोडं रसायन घातलेलं पातळ पाणी, थोडी वाळू आणि खूप वेग. पुस्तकाप्रमाणे हे चालायला नको होतं. पण शेलमध्ये ते जेलपेक्षा चांगलं चाललं आणि स्वस्त पडलं. पातळ पाणी बारीक फटींत दूरवर शिरतं, हे त्यामागचं एक कारण. आडव्या विहिरींची जोड मिळाल्यावर याच ‘स्लिकवॉटर’ने अमेरिकेचं शेल युग आणलं. त्या भरभराटीत ज्या विहिरींना जेल लागत होती, त्यांच्या मागणीने २०१२ ची गवार महाग झाली. पुढे तेलाचे भाव पडले, पातळ पाण्याची चलती वाढली, आणि गवारही खाली आली.

वाळूच्या इतर अडचणी आहेतच. खूप खोलवर कण चिरडून त्यांचं पीठ होतं. मऊ खडकात ते भिंतीत रुततात. म्हणून जिथे दाब जास्त तिथे भाजलेल्या सिरॅमिकचे किंवा बॉक्साइटचे गोळे वापरतात, ते अर्थात महाग.

दुसरं उत्तर: खडकच कोरून ठेवा

शहाबादी फरशीवर ॲसिड सांडलं की फसफसतं आणि फरशी खडबडीत होते, हे बहुतेक घरांना माहीत असतं. ओट्याच्या कडप्प्यावर लिंबाचा रस राहिला तरी डाग पडतो. कारण दोन्ही चुनखडक आहेत. कॅल्शियम कार्बोनेटला ॲसिड लागलं की त्याचं विरघळणारं मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. फेस त्या वायूचा. घराबाहेरच्या काळ्या पाषाणावर तेच ॲसिड टाकलं तर असा फेस येत नाही.

जगातल्या तेलसाठ्यांचा मोठा भाग चुनखडकात आणि त्याच्या भावंडात, म्हणजे डोलोमाइटमध्ये आहे. सौदी अरेबियातलं घवार, आखाती देशांतली बरीच क्षेत्रं, आणि मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरचं मुंबई हायसुद्धा. अशा खडकात वाळू कशाला, ॲसिडनेच काम होईल, हा विचार फ्रॅकिंगपेक्षा जुना आहे. हर्मन फ्राश या रसायनशास्त्रज्ञाने १८९६ मध्येच हायड्रोक्लोरिक ॲसिडचं पेटंट घेतलं होतं आणि अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ते वापरलंही होतं. तेल वाढलं, पण ॲसिडने विहिरीचे पाइपही खाल्ले. कल्पना पस्तीसेक वर्षं पडून राहिली. १९३२ मध्ये मिशिगनमध्ये डाऊ केमिकल आणि प्युअर ऑइल यांनी ॲसिडमध्ये आर्सेनिकचं संयुग घातलं, ज्याने लोखंड वाचतं आणि खडक विरघळतो. सुमारे १,९०० लिटर ॲसिडने एक मेल्यात जमा झालेली विहीर पुन्हा वाहू लागली. आज आर्सेनिकऐवजी सेंद्रिय रसायनं वापरतात, पण पाइप वाचवण्याची काळजी तीच आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. ॲसिड बेताच्या दाबाने सोडलं, खडक न फोडता, तर ते विहिरीच्या आजूबाजूचे काही मीटर साफ करतं. ही नेहमीची, तुलनेने स्वस्त दुरुस्ती. खडक फुटेल इतक्या दाबाने सोडलं तर ते भेगेत शिरतं आणि तिच्या भिंती कोरतं. हे झालं ॲसिड फ्रॅक्चरिंग.

पूर्वी पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यायचे. छिन्नीने खाचा पाडायच्या, म्हणजे मसाला वाटला जाईल. ॲसिड भेगेच्या भिंतींना अशीच टाकी लावतं. खडक सगळीकडे सारखा नसतो. कुठे चुना जास्त, कुठे कमी, कुठे छिद्रं जास्त. त्यामुळे ॲसिड काही जागी खोल खाचा पाडतं, काही जागी उंचवटे सोडतं. पंप बंद झाल्यावर भिंती उंचवट्यांवर टेकतात आणि खाचांतून तेल वाहतं. टेकू खडकाचाच, बाहेरून काही आणायला नको. वाळू भेगेच्या तोंडाशी अडकून काम बिघडण्याची भीतीही नाही.

ऐकायला सुरेख आहे. मग सगळीकडे हेच का करत नाहीत?

ॲसिडची घाई

कारण ॲसिडला धीर नाही. चुनखडकाशी त्याची क्रिया इतकी झपाट्याने होते की भेगेत दूर पोहोचायच्या आतच ते संपून जातं. १५ टक्के तीव्रतेचं हजार लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण २२० किलो चुनखडक विरघळवतं. प्रश्न एवढाच की ते २२० किलो कुठले? तोंडाजवळचेच सगळे गेले तर भेग दारात ऐसपैस आणि आत बंद. खोलवर तापमान जास्त असतं, तिथे ही घाई आणखी वाढते.

दुसरी खोड म्हणजे गळती. ॲसिड भेगेच्या भिंतीत जिथे जरा वाट दिसेल तिथे घुसतं, ती वाट रुंद करतं, मग आणखी ॲसिड तिकडेच वळतं. अळीने आंबा पोखरावा तसे बोगदे तयार होतात. त्यांना ‘वर्महोल’च म्हणतात. मिशिगन विद्यापीठात स्कॉट फॉग्लर यांच्या गटाने १९८० च्या दशकात हे बोगदे डोळ्यांना दिसावेत म्हणून एक छान युक्ती केली. ॲसिड दिलेल्या खडकाच्या नमुन्यात कमी तापमानाला वितळणारा धातू ओतला, तो थिजल्यावर उरलेला खडक विरघळवून टाकला. हातात राहिली धातूची फांद्याफांद्यांची आकृती, झाडाच्या मुळांसारखी. अशा प्रयोगांतून कळलं की ॲसिड फार सावकाश सोडलं तर ते तोंडाशीच खडक खातं, फार वेगाने सोडलं तर सगळीकडे थोडंथोडं शिरतं, आणि मधल्या एका वेगाला सर्वांत कमी ॲसिडमध्ये लांब बोगदा होतो. विहिरीजवळच्या दुरुस्तीत असा बोगदा हवाच असतो. फ्रॅक्चरिंगमध्ये मात्र तोच शत्रू, कारण ॲसिड भेगेत पुढे जायचं सोडून बाजूला पळतं.

म्हणून ॲसिडला लगाम घालण्याचे नाना प्रकार निघाले. त्यात डिंकासारखे पदार्थ घालून ते दाट करायचं. किंवा ॲसिडचे बारीक थेंब डिझेलमध्ये घोळवायचे, म्हणजे प्रत्येक थेंबाभोवती तेलाचं कवच राहतं आणि क्रिया मंदावते. काही ठिकाणी फेस करून सोडतात. काही ठिकाणी हायड्रोक्लोरिकऐवजी सौम्य ॲसिड वापरतात, उदाहरणार्थ ॲसेटिक, म्हणजे व्हिनेगरमधलंच. काही द्रव असे आहेत की ॲसिड खर्ची पडत जाईल तसे ते आपोआप दाट होतात आणि गळतीची भोकं तात्पुरती बुजवतात.

एवढं करून भेग कोरली गेली, तरी ती टिकेल का? १९७३ मध्ये एक्सॉनच्या नीरोड आणि क्रुक या संशोधकांनी खडकाच्या छोट्या नमुन्यांवर चाचण्या करून एक सूत्र दिलं. किती खडक विरघळला, खडक किती कडक आणि मिटवणारा दाब किती, यावरून भेगेतून किती प्रवाह जाईल याचा अंदाज. हे सूत्र आजही वापरात आहे, आणि त्याच्यावर टीकाही तितकीच होते. कारण पेरूएवढ्या नमुन्यावरून शंभर मीटर भेगेचं भाकीत करायचं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, फक्त इथे भात एका हंड्यातला नाही, प्रत्येक शीत वेगळ्या हंड्यातलं.

नंतर टेक्सास ए अँड एम विद्यापीठासारख्या ठिकाणी मोठे नमुने घेऊन, कोरलेल्या पृष्ठभागाचा लेसरने नकाशा काढून, त्याच्यावर दाब वाढवत नेण्याचे प्रयोग झाले. त्यातून एक उलटा वाटणारा निष्कर्ष निघाला. ॲसिड जास्त वेळ ठेवलं की भेग जास्त चांगली होते, असं नाही. एका मर्यादेनंतर ॲसिड उंचवटेच भुसभुशीत करतं. मग दाब आला की टेकूच चुरतो. टाकी जास्त खोल लावली तर पाटाच फुटतो, तसं.

खडक मुळातच मऊ असेल तर आणखी पंचाईत. नॉर्वेच्या समुद्रात एकोफिस्क आणि वाल्हाल ही तेलक्षेत्रं खडूसारख्या मऊ चुनखडकात आहेत. हा खडक इतका दबतो की एकोफिस्कमध्ये तेल काढता काढता समुद्राचा तळच खचला, आणि १९८७ मध्ये तिथले प्लॅटफॉर्म जॅक लावून ६ मीटर उचलावे लागले. अशा खडकात ॲसिडने कोरलेले उंचवटे किती दिवस उभे राहणार? म्हणून वाल्हालमध्ये पुढे वाळूच्या टेकूकडे वळावं लागलं. उलट कडक आणि खूप खोल चुनखडकात, चीनच्या तारिम खोऱ्यात सहा-सहा किलोमीटरांखाली, ॲसिड फ्रॅक्चरिंग हा मुख्य मार्ग आहे.

जे दिसत नाही ते

या सगळ्यात एक मोठी अडचण अशी की भेग कुणीच पाहत नाही. १९५७ मध्ये किंग हबर्ट आणि डेव्हिड विलिस यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यात प्लास्टर ऑफ पॅरिस दाबाने सोडून दाखवलं की भेग कुठल्याही दिशेला जात नाही. जिकडून दाब सर्वांत कमी, त्या बाजूला भिंती सरकतात. म्हणून खोलवरच्या भेगा बहुतेक उभ्या असतात. पुढची कित्येक दशकं अभियंत्यांच्या नकाशात विहिरीच्या दोन बाजूंना पंखासारखी पसरलेली एकेक सुबक भेग असायची.

मग टेक्सासमध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मदतीने एक धाडसी प्रयोग झाला. आधी फ्रॅकिंग केलेल्या खडकातून तिरकी विहीर खणून सुमारे ६०० फूट लांबीचा खडकाचा गाभा बाहेर काढला गेला. त्यात एकेक सुबक भेग नव्हती. शेकडो भेगा होत्या, दाटीवाटीने, झुंडीने. त्यातल्या सगळ्यांत वाळू पोहोचलेली नव्हती. म्हणजे ज्या टेकूवर एवढा खर्च झाला, तो बऱ्याच भेगांत गेलाच नव्हता.

विरोध कशाला आहे?

फ्रॅकिंगला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. एका लांब आडव्या विहिरीला कित्येक कोटी लिटर पाणी लागतं, आणि वर येणारं खारट, रसायनयुक्त पाणी कुठेतरी टाकावं लागतं. ओक्लाहोमात ते पुन्हा खोल जमिनीत सोडल्यामुळे भूकंप वाढले. २०१६ मध्ये पॉनी गावाजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये फ्रॅकिंगनेच २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि सरकारने काही महिन्यांत काम थांबवलं. फ्रान्सने तर २०११ मध्येच बंदी घातली. ॲसिडच्या कामात पाणी बरंच कमी लागतं, पण तीव्र ॲसिडची वाहतूक आणि हाताळणी हा वेगळा धोका आहे. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१३ च्या कायद्यात फ्रॅकिंगबरोबर ॲसिडच्या उपचारांवरही नियम आणले.

भारतात हे तंत्र रानीगंज, झरियाच्या कोळशातल्या मिथेनसाठी आणि राजस्थानात बाडमेरजवळच्या रागेश्वरी गॅस क्षेत्रात वापरलं जातं. शेल गॅसचा मात्र इथे अमेरिकेसारखा बार उडाला नाही. ज्या खोऱ्यांमध्ये शेल आहे तिथे शेती आहे, वस्ती आहे, आणि पाण्याची चणचण आहे.

आणि मुंबई हाय?

१९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने शोधलेलं हे क्षेत्र आता पन्नाशी ओलांडून गेलं आहे. त्याचा मुख्य तेलथर, ज्याला ‘एल-३’ म्हणतात, चुनखडकाचा आहे. इथल्या विहिरींना ॲसिड देणं ही जुनी, ठरलेली कामं आहेत. खास जहाजांवरून ॲसिड आणि पंप नेऊन ती होतात. अशा कामांचा अभ्यास करणारी ओएनजीसीची एक संस्था नवी मुंबईला लागून पनवेललाच आहे, तेल आणि वायू उत्पादन तंत्रज्ञानाची.

मग तिथे जोरात ॲसिड फ्रॅक्चरिंग करून उरलेलं तेल काढून टाकायला काय हरकत आहे? अडचण खडकाच्या मांडणीत आहे. एल-३ हा एकच जाड थर नाही. चुनखडकाचे पापुद्रे आहेत, मध्ये चिकणमातीसारख्या शेलच्या पातळ पट्ट्या आहेत. तेलाच्या वर वायूचा साठा आहे, खाली पाणी आहे. खोलवरची भेग उभी जाते, हे हबर्ट आणि विलिस यांनी दाखवलेलंच आहे. ती वर गॅसमध्ये किंवा खाली पाण्यात घुसली तर विहीर तेलाऐवजी तेच देऊ लागते. तेलासाठी पाडलेली वाट पाण्याला सापडली तर ती परत बुजवणं भेग पाडण्यापेक्षा महाग. म्हणून इथे बहुतेक वेळा खडक न फोडता, बेताच्या दाबानेच ॲसिड दिलं जातं, आणि ते पाणी देणाऱ्या पापुद्र्यात न जाता तेलाच्या पापुद्र्यात जावं यासाठी वेगळी रसायनं वापरली जातात.

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायचं घसरतं उत्पादन सावरण्यासाठी तांत्रिक भागीदार म्हणून ब्रिटिश कंपनी बीपीची निवड केली. दहा वर्षांत तेल ४४ टक्क्यांपर्यंत आणि गॅस ८९ टक्क्यांपर्यंत वाढवता येईल, असा कंपनीचा अंदाज आहे. तो किती खरा ठरतो हे पुढच्या काही वर्षांत उत्पादनाच्या आकड्यांत दिसेल.